निगेटिव्ह भंगारात देऊ नका

आमच्या भागातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला. दुकानाच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली. आत पाकिटांत ठेवलेल्या ४ बाय ५ इंची निगेटिव्ह. काही लग्नातल्या, काही शाळेच्या ग्रुप फोटोंच्या, बऱ्याचशा नुसत्या माणसांच्या. हरसूल आणि आसपासच्या पाड्यांवर किती घरांत आजोबांचा फोटो आहे, सांगा बरं? बहुतेक घरांत नाही. असलाच तर तो या ट्रंकेत आहे.

यावर माझा एक माजी विद्यार्थी, आता पुण्यात चांगल्या नोकरीला, फोनवर म्हणाला, "सर, मोबाईलने फोटो काढा, उलटे करून घ्या आणि निगेटिव्ह भंगारात द्या. चांदी असते त्यात, पैसे मिळतील." असे म्हणणारे इतरही भेटले. शहाणी माणसं आहेत सगळी, म्हणूनच भांडतोय.

स्कॅन करायला माझा विरोध नाही, जरूर करा. पण साधा कागदपत्रांचा स्कॅनर निगेटिव्हच्या आरपार उजेड टाकत नाही. एवढ्या मोठ्या निगेटिव्हला चालेल असा घ्यायचा तर किंमत ऐकून घाम फुटतो. मोबाईलच्या फोटोचं म्हणाल तर तो व्हॉट्सॅपवरून तीन घरं फिरला की आजीच्या नथीचा मोती नुसता ठिपका होतो. आणि समजा स्कॅन उत्तम झालं, तरी मूळ फेकायचं कशाला? मी बी.ए., इतिहास शिकवला. नक्कल मिळाली म्हणून ताम्रपट वितळवणाऱ्याला आपण काय म्हणतो?

दुसरा आक्षेप असा की मोठ्या निगेटिव्हचा एन्लार्जर आता कुठे मिळणार? मिळू नये ना! बनवा. प्लायवूडच्या दोन पेट्या, एकात एक सरकणाऱ्या, आतून काळ्या रंगवलेल्या. मागे एलईडी दिवा, म्हणजे फिल्म तापून वाकडी होत नाही. दिव्यापुढे जरा अंतराने दुधी अॅक्रिलिकचा पत्रा, उजेड सगळीकडे सारखा पडावा म्हणून. मग दोन काचांमध्ये धरलेली निगेटिव्ह, आणि पुढे १५० मिलिमीटरचं भिंग. हे सगळं टेबलावर आडवं ठेवायचं, कागद समोरच्या भिंतीवर.

दुप्पट मोठा फोटो हवा असेल तर निगेटिव्ह भिंगापासून २२५ मिलिमीटरवर आणि कागद ४५० मिलिमीटरवर. १/२२५ + १/४५० = १/१५०. (चिन्हांचे नियम घेऊन विज्ञानाच्या मास्तरांनी अंगावर येऊ नये.) हे भिंगाचं सूत्र आपली मुलं दहावीला मार्कांसाठी पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. प्रोजेक्ट म्हणून दुकानातला तयार थर्माकोल आणतात, आपण त्यालाही सही ठोकतो. त्याऐवजी पोरांना ही पेटी करायला लावा की. निगेटिव्ह, भिंग आणि कागद समांतर नसतील तर फोटोचा एक कोपरा पुसट येतो. मग पट्टी घेऊन चारही कोपऱ्यांचं अंतर मोजत बसावं लागतं. समांतर म्हणजे काय, हे एवढं पक्कं कुठल्या फळ्यावर शिकवून झालंय?

"हे आपल्याकडे कुठलं जमायला!" म्हणणाऱ्यांना तर मी उभंच करत नाही. दादासाहेब फाळके आमच्याच तालुक्यातले, १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. १९१२ मध्ये त्यांनी लंडनहून कॅमेरा आणला हे खरं, पण फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं हा उद्योग घरातच चाले, आणि सरस्वतीबाई त्यात बरोबरीने राबत. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री भावांनी स्वतःचा सिनेकॅमेरा करायचं मनावर घेतलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. आपल्याला तर फक्त न हलणारा फोटो मोठा करायचाय!

खर्चाची बाजू मात्र लपवत नाही. उटीच्या सरकारी कारखान्याचा 'इंदू' कागद इतिहासजमा झाला. आता परदेशी कागद मागवावा लागतो आणि तो महाग पडतो. म्हणून सगळ्या ट्रंकेचे फोटो छापा असं मी म्हणतच नाही. ज्या घरचं माणूस ओळखू येईल त्या घरासाठी एक फोटो छापा. बाकीच्या निगेटिव्ह कोरड्या डब्यात ठेवा. आमच्याकडचा पाऊस ठाऊक आहे ना? आषाढात भिंतींनासुद्धा बुरशी येते, तिथे फिल्मच्या जिलेटिनची काय कथा.

पेटी माझ्या ओसरीवर तयार आहे. दिवसा खोलीत अंधार होत नाही म्हणून काम रात्री, लाल दिव्यात, आणि वीज असेल तर. ट्रंकेतल्या पाकिटांवर पेन्सिलीने गावांची नावं लिहिलेली आहेत. ती मी वहीत उतरवून घेतो आहे. आपल्या पाड्याचं नाव त्यात आहे का, ते येऊन बघा. येताना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बरोबर आणा.