उतार असताना ओटा कशाला?

हॉस्टेलमागच्या सार्वजनिक बागेत ‘ओपन स्टेज’ होणार, ही बातमी मेसच्या रांगेत कळली तेव्हा बरं वाटलं. मग नकाशा पाहिला. सपाट जागेवर सिमेंटचा चार फुटी ओटा, वर पत्र्याची शेड, समोर पेव्हर ब्लॉक. म्हणजे भिंती काढलेलं मंगल कार्यालयच! शिवाय त्यासाठी दोन गुलमोहर जाणार.

मित्रांनो, त्याच बागेच्या मागच्या कोपऱ्यात कडुनिंबांखाली आयता उतार पडून आहे. उतारावर प्रेक्षक, पायथ्याशी नट. ग्रीकांनी तरी दुसरं काय केलं? एपिडॉरसचं थिएटर इ.स.पू. चौथ्या शतकातलं, टेकडीच्या उतारात बसवलेलं. माइक नाही की अॅम्प्लिफायर नाही. तिथली कुजबुजही शेवटच्या रांगेत ऐकू येते असं सांगतात. २०१७ साली डच संशोधकांनी मोजून पाहिलं, तर कुजबुजीचं काही खरं निघालं नाही. पण खणखणीत बोललेलं मागेपर्यंत पोचतं. आपल्याला तेवढं पुरे. आपल्या नाटकवाल्यांना कुजबुजता येतं कुठे? (बी विंगला विचारा.)

सिव्हिलवाले म्हणतील, माती वाहून गेली तर? रास्त प्रश्न. उतार तीनास एकपेक्षा तीव्र ठेवायचा नाही. प्रत्येक पायरीला काळ्या दगडाची ओळ, मागे खडी, कडेने वाळा. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. आणि माथ्यावर चर खणून वरचं पाणी बाजूला काढायचं. हा चर राहिला तर पहिल्याच जुलैत सगळं खाली येईल, हे लिहून घ्या. शेवटची रांग वीस मीटरच्या आत हवी, त्यापुढे चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, हे आपण पाठ केलंय, वापरलं कधीच नाही. एवढ्या जागेत दोनशे माणसं आरामात बसतील. उतार उत्तरेकडे आहे, त्यामुळे मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत येणार नाही. आजी-आजोबांना माथ्यावरच्या सपाट वाटेने येऊन वरच्या रांगेत बसता येईल.

पावसाळ्यात ही जागा निरुपयोगी, हे मान्य. ‘पुरुषोत्तम’च्या तालमी नेमक्या तेव्हाच असतात, त्या कॉरिडॉरमध्येच होणार. पण पत्र्याखाली तरी कुठे होतील? सर आली की संवाद राहू द्या, शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही.

आसपासच्या सोसायट्यांना आवाजाची धास्ती आहे. अहो, त्रास स्पीकरचा होतो, माणसाचा नाही. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंदच असतो. इथे तर तो आणायचाच नाही.

तेव्हा सर्व्हेच्या सरांना एक विनंती. दरवर्षी आपण कॅम्पला तेच ते ग्राउंड मोजतो. यंदा या उताराचे कंटूर घेऊ या. ऑटो लेव्हल लॅबमध्ये आहे, पोरं फुकट आहेत, तीन दिवसांत शीट तयार होईल. ओट्याचा पाया खणण्याआधी ती महापालिकेच्या उद्यान विभागाच्या टेबलावर गेली पाहिजे. नाटकवाले स्टाफ धरायला येतील, मी विचारून ठेवलंय.