विश्लेषण : ‘४५ टक्के सूट’ नेमकी कशावर? पाळीव प्राण्यांच्या ऑनलाइन खरेदीतील चकवे

घरात कुत्रा किंवा मांजर आले की महिन्याच्या खर्चात नवा रकाना उघडतो. खाद्य, जंतनाशक, गोचीड-पिसवांचे औषध, शाम्पू, मांजराच्या शौचासाठीची वाळू. जड पिशव्या घरपोच येतात आणि दुकानात न मिळणारे ब्रँड सापडतात, म्हणून ही खरेदी मोठ्या प्रमाणावर मोबाइलवर सरकली आहे. तिच्यासोबत सवलतींचा माराही आला. त्यातल्या काही सवलती खऱ्या असतात. काही मात्र अशा रचलेल्या असतात की ग्राहकाला बचत झाल्याचे वाटावे आणि प्रत्यक्षात खिसा हलका व्हावा.

सवलतीचा आकडा कुठून येतो?

बहुतेक ठिकाणी सूट मोजली जाते ती ‘एमआरपी’वरून. एमआरपी म्हणजे त्यापुढे विकता येणार नाही अशी कमाल किंमत. बाजारात ती वस्तू सहसा कितीला मिळते, याच्याशी तिचा संबंध असेलच असे नाही. ही किंमत उत्पादक किंवा आयातदारच ठरवतो. ती फुगवून छापली की मोठी सूट दाखवणे सोपे होते.

एक उदाहरण घेऊ. खाद्याच्या पिशवीवर एमआरपी २,००० रुपये. संकेतस्थळावर ‘४५ टक्के सूट’ देऊन किंमत १,१०० रुपये. तीच पिशवी कोपऱ्यावरच्या दुकानात वर्षभर १,१५० रुपयांना मिळते. म्हणजे खरी बचत ५० रुपयांची. त्यात पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर ७९ रुपये ‘हाताळणी शुल्क’ लागले, की ४५ टक्के सूट मिळवून ग्राहकाने दुकानापेक्षा २९ रुपये जास्त मोजलेले असतात.

युरोपीय महासंघात मे २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार, किमतीत कपात जाहीर करताना विक्रेत्याला आधीच्या किमान ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. त्यामुळे सेलच्या आदल्या दिवशी किंमत वाढवून दुसऱ्या दिवशी ती ‘उतरवण्याची’ सोय राहत नाही. आपल्याकडे तुलनेचा आधार अजूनही एमआरपी हाच आहे.

नेहमीचे सापळे कोणते?

पहिला, खोटी घाई. ‘फक्त २ नग शिल्लक’, ‘ऑफर १० मिनिटांत संपेल’. पान पुन्हा उघडले की घड्याळ पुन्हा दहा मिनिटांवर येते.

दुसरा, टोपलीत गुपचूप भर. खाद्य निवडले, पण बिलात दहा रुपयांची प्राणीसेवा देणगी किंवा सदस्यत्वाचे शुल्क आधीच टिक केलेले असते.

तिसरा, टप्प्याटप्प्याने वाढणारी किंमत. सुरुवातीला दिसलेल्या रकमेत शेवटी कर, पॅकिंग, हाताळणी अशी भर पडत जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने (सीसीपीए) २०२५ मध्ये लहान मुलांच्या वस्तू विकणाऱ्या ‘फर्स्टक्राय’च्या कंपनीला अशाच प्रकरणात २ लाख रुपयांचा दंड केला. ‘सर्व करांसह’ असे लिहून शेवटी जीएसटी वेगळा लावल्याने २७ टक्के दाखवलेली सूट प्रत्यक्षात १८.२ टक्क्यांवर आली होती. वस्तू वेगळी असली तरी पद्धत तीच.

चौथा, वर्गणीचा सापळा. ‘पहिल्या ऑर्डरवर जादा सूट’ घेताना दरमहा आपोआप ऑर्डर जाण्याची संमती दिली जाते. दुसऱ्या महिन्यापासून किंमत मूळ पदावर येते आणि ‘रद्द करा’चे बटण चार पानांच्या आड असते.

पाचवा, ‘एकावर एक मोफत’. फुकट आलेली पिशवी मुदत संपत आलेली असू शकते किंवा वेगळ्या वयाच्या प्राण्यासाठीची. उत्पादनाची तारीख विक्रीच्या पानावर बहुधा दिसत नाही. ती कळते पार्सल उघडल्यावर.

इथे नुकसान फक्त पैशांचे का नाही?

मोबाइलचे कव्हर चुकीचे आले तर फार तर मनस्ताप होतो. इथे ती वस्तू एका जिवाच्या पोटात जाते किंवा अंगावर लागते, आणि त्याला तक्रार करता येत नाही.

पाच-सहा किलो वजनाचा लहान जातीचा कुत्रा दिवसाला साधारण १०० ग्रॅम कोरडे खाद्य खातो. स्वस्त पडते म्हणून त्याच्यासाठी १० किलोची पिशवी घेतली तर ती संपायला शंभर दिवस लागतील. उघडलेले खाद्य साधारण सहा आठवड्यांत संपवावे, असा सर्वसाधारण सल्ला असतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत तर स्निग्धांश खवट होण्याचा आणि बुरशीचा धोका आणखी वाढतो. म्हणजे ‘मोठी पिशवी, मोठी बचत’ हे गणित दोन मोठे कुत्रे असलेल्या घरात जुळते, एका छोट्या कुत्र्याच्या घरात जुळत नाही.

ऑफर बघून दर महिन्याला ब्रँड बदलणेही महागात पडते. नवे खाद्य जुन्यात थोडे थोडे मिसळून सात ते दहा दिवसांत बदलायचे असते. एकदम बदलल्यास जुलाब, उलट्या होऊ शकतात आणि वाचलेले दोनशे रुपये पशुवैद्यांकडे जातात.

औषधांच्या ‘कॉम्बो’बाबत तर दुप्पट सावध राहायला हवे. गोचीड-पिसवांची औषधे प्राण्याच्या वजनानुसार द्यायची असतात. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असते आणि ते मांजरांसाठी विषारी ठरते. घरात दोन्ही प्राणी आहेत म्हणून एकच स्वस्त पाकीट दोघांना वापरणे मांजराच्या जिवावर बेतू शकते.

कायदा काय सांगतो?

तरतुदी कमी नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी सीसीपीए १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार आधीच टिक केलेल्या चौकटीला ग्राहकाची संमती मानता येत नाही. तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण, ही तक्रार अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीशी न जुळणारी असेल तर विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. ‘खाद्यपदार्थ परत घेतले जात नाहीत’ ही पाटी अशा वेळी चालत नाही.

३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा १३ फसव्या रचनांची, म्हणजे ‘डार्क पॅटर्न’ची, यादीच दिली आहे. वर सांगितलेली खोटी घाई, टोपलीतली भर, टप्प्याटप्प्याने वाढणारी किंमत आणि वर्गणीचा सापळा हे चारही प्रकार त्यात आहेत.

ऑर्डर देण्यापूर्वी काय पाहावे?

सुटीची टक्केवारी बाजूला ठेवून किलोमागे किती रुपये पडतात ते काढा. ही ‘एकक विक्री किंमत’ आता पाकिटावरही छापावी लागते. पैसे भरण्याच्या पानावरची अंतिम रक्कम घेऊन जवळच्या दुकानातील किमतीशी तुलना करा. विक्रेत्याचे नाव आणि पत्ता दिला आहे का, ते पाहा. ऑफरच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा आणि पार्सल उघडताना व्हिडीओ काढा. मुदत, बॅच क्रमांक आणि सील तपासल्याशिवाय पिशवी फोडू नका. नकोशी वर्गणी लागली असेल तर यूपीआय ॲपमधील ‘ऑटोपे’ विभागातून ती थेट बंद करता येते.

फसवणूक झालीच तर?

आधी संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील बंधनकारक नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. पैसे घेऊन दुकानच गायब झाले असेल तर तो सायबर गुन्हा आहे. अशा वेळी लगेच १९३० वर फोन करावा.

मग अडते कुठे?

जून २०२५ मध्ये सीसीपीएने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःचीच तपासणी करून डार्क पॅटर्न काढून टाकण्यास सांगितले. मात्र ज्याला फसव्या बटणातून फायदा होतो, त्यालाच ते शोधायला सांगण्याला मर्यादा आहेत. बाराशे रुपयांच्या पिशवीसाठी आयोगाची पायरी चढणारे ग्राहक थोडे, आणि हे विक्रेत्यांनाही ठाऊक असते.

त्यामुळे सगळा भार ग्राहकाच्या सावधपणावर टाकून भागणार नाही. गेल्या ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत दाखवणे सक्तीचे केले आणि प्राण्यांच्या खाद्य-औषधांची वापराची मुदत ऑर्डरपूर्वीच सांगण्याचा नियम काटेकोरपणे पाळायला लावला, तरी बराच फरक पडेल. ही माहिती कंपन्यांच्या संगणकात आणि गोदामांत आजही आहे. ती खरेदीच्या बटणाशेजारी आणायला तांत्रिक अडचण नाही. गरज आहे ती नियमाची आणि तो मोडणाऱ्याला दंड करण्याची.