लोकर आणि तिची भूमि

लोकर देणाऱ्या प्राण्यांची यादी मुलें पाठ करितात आणि परीक्षा संपतांच विसरून जातात. अमुक प्राणी अमुक ठिकाणींच कां राहतो व त्याची लोकर तशीच कां, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मतें शिकण्यासारखी खरी गोष्ट तीच होय.

पूर्व लडाखांतील चांगथांगचें पठार सुमारें १४,००० फूट उंच आहे. हिंवाळ्यांत तेथें पारा शून्याखालीं ३० अंशांपर्यंत उतरतो. तेथील शेळीच्या राठ केसांखालीं दाट, मऊ लव उगवते. तींत हवा अडकून राहते व ऊब टिकते. वसंतांत हीच लव विंचरून काढतात आणि तिची पश्मिना होते. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतावर राहणारा, उंटाच्या कुळांतला व्हिकुन्या हाही असाच तलम लोकरीचा धनी आहे.

आतां आपल्या दख्खनच्या मेंढीकडे पाहूं. तिची लोकर बहुधा काळी, राठ आणि टोचणारी. म्हणून बाजार तिला हलकी ठरवितो. आम्हांस हा न्याय मान्य नाहीं. ही मेंढी उन्हातान्हांत कोसच्या कोस चालते व माळावरील खुरट्या चाऱ्यावर निभावते. तिच्या लोकरीचें सूत हातानें कांतून, मागावर विणून, चिंचोक्याची खळ दिली म्हणजे घोंगडें तयार होतें. मेंढपाळाचें पावसांतील छत्र, थंडींतील पांघरूण आणि रात्रींचें अंथरूण तें एकच. पश्मिन्याची नाजूक शाल हें काम करील काय?

परंतु आज गिरणीच्या आणि कृत्रिम धाग्याच्या स्वस्त ब्लँकेटांपुढें घोंगड्यास गिऱ्हाईक उरलें नाहीं. पुष्कळ ठिकाणीं लोकरीच्या किंमतींत कातरणीची मजुरीही निघत नाहीं; कातरलेली लोकर टाकून द्यावी लागते. म्हणून कित्येक मेंढपाळ केवळ मांसाकरितां दुसऱ्या जातीच्या मेंढ्या पाळूं लागले आहेत. असेंच चाललें तर मेंढीची जात, सूत कांतणारे हात आणि विणकराचा माग हीं तिन्ही एकदमच जातील.

घोंगडें टोचतें, हें खरें. त्यावर सुती चादर अंथरली कीं तक्रार मिटते. पालकांस आमची विनंति आहे कीं, यंदा थंडीचें पांघरूण घेतांना एक तरी घोंगडें विणकराच्या श्रमांस साजेल असा दाम देऊन घ्यावें. आणि विद्यार्थ्यांनीं लोकरीस उंची किंवा हलकी म्हणण्यापूर्वीं, ती कोणत्या भूमीवर व कोणत्या कामासाठीं उगवली, एवढें विचारण्याची संवय लावून घ्यावी.