मानेला हिसका आणि डोक्यातली गरगर

गेल्या चातुर्मासात एक परिचित गृहस्थ माझ्याकडे आले. कापडखरेदीहून परतताना टोलनाक्यावर उभ्या असलेल्या त्यांच्या मोटारीला मागून टेम्पोची धडक बसली होती. रक्त आले नाही, हाड मोडले नाही, एक्स-रे निर्दोष होता. तिसऱ्या दिवशी ते पेढीवर बसले. परंतु आठवड्याभराने अंथरुणात कूस बदलताच खोली गरगर फिरू लागली. मंदिरात वंदनासाठी मस्तक टेकवले की उठताना खांबाचा आधार घ्यावा लागे. घरच्यांना वाटले, तप सोसत नाही. म्हणून त्यांची एकाशने थांबविण्यात आली. एका स्नेह्याने सुचविले, सलूनमध्ये मान मोडून घ्या. सुदैवाने ते करण्यापूर्वी ते भेटले.

मागून धडक बसते तेव्हा आसन धडाला पुढे ढकलते. साडेचार-पाच किलो वजनाचे मस्तक मात्र क्षणभर मागेच राहते आणि मग चाबकासारखे पुढे फेकले जाते. इंग्रजीत यालाच व्हिप्लॅश, म्हणजे चाबकाचा फटकारा, म्हणतात. स्नायू व सांध्यांवरील हा ताण एक्स-रेमध्ये उमटत नाही.

शरीराचा तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या वार्तांवर चालतो : डोळे, अंतःकर्ण आणि मान. रोजमेळ व खतावणी जुळली नाही तर मुनीमजी जसे अस्वस्थ होतात, तसा या तिन्ही वार्ता जुळल्या नाहीत की मेंदू गोंधळतो. हिसक्याने मानेचे संदेश बिघडू शकतात. तसेच अंतःकर्णातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकांत शिरू शकतात. तक्रार एकच, कारणे अनेक. येथेही अनेकान्त दृष्टीच हवी.

उपवासातील भोवळ बहुधा उभे राहताना येते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि आडवे झाल्यावर बरे वाटते. कणांमुळे होणारी गरगर उलट आडवे होताना वा कूस बदलताना उठते आणि साधारणतः मिनिटभरात शमते. आमच्या गृहस्थांचे हेच होते. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी त्यांना विशिष्ट रीतीने झोपवून डोळ्यांची हालचाल पाहिली आणि मस्तक क्रमाने वळवून कण मूळ जागी परत नेले. अमेरिकन शल्यविशारद जॉन एप्ली यांच्या नावाने ओळखली जाणारी ही क्रिया काही मिनिटांचीच असते.

गरगर थांबली, तरी चालताना अस्थिरता उरली. त्यासाठी फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले : भिंतीवरील अक्षरावर नजर स्थिर ठेवून मस्तक हळूहळू वळविणे, मऊ गादीवर उभे राहणे, चालता चालता दोन्ही बाजूंना पाहणे. अशा व्यायामांचा पाया दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये कॉथॉर्न व कुक्सी या वैद्यांनी घातला. आरंभी थोडी चक्कर येते. त्यातूनच मेंदू पुन्हा मेळ बसवायला शिकतो. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या फार दिवस घेतल्यास हे शिकणे मंदावते.

कायरोप्रॅक्टिकविषयी अनेकजण विचारतात. डॅनियल पामर यांनी 1895 मध्ये अमेरिकेत आरंभिलेल्या या पद्धतीत हातांनी मणक्यांच्या सांध्यांना चालना देतात. मानेमुळे येणाऱ्या चक्करेत प्रशिक्षित हातांचे सौम्य उपचार, व्यायामांच्या जोडीने, काहींना उपयोगी पडतात. परंतु अपघातानंतर तपासणीपूर्वी मानेला झटका देऊ देऊ नये. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आधीच चिरली असल्यास असा झटका पक्षाघातास कारण ठरू शकतो. हे क्वचित घडते, पण घडले तर भरून येत नाही. सलूनमधील फुकटची ‘कडकड’ तर सर्वथा वर्ज्य.

एकाचे दोन दिसणे, बोबडी वळणे, गिळता न येणे, हात-पाय वा चेहरा बधिर होणे, चालता न येणे, किंवा मानेत पूर्वी कधी न झालेली तीव्र वेदना, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि प्रवासाला निघण्यापूर्वी आसनाची डोक्यामागील उशी वर ओढून घ्यावी; तिचा माथा आपल्या माथ्याइतका उंच असावा. पुष्कळ मोटारींत ती मानेपाशीच राहून जाते.

आमचे गृहस्थ दीड महिन्यात पूर्ववत झाले. तप शरीराला बाधले नव्हते. निदान चुकले होते. खांब न धरता ते आता वंदन करतात आणि थांबलेली एकाशनेही त्यांनी पूर्ण केली आहेत.