दीड लाख किलोमीटरची गाडी

२०२३ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. रविवारी सकाळी पुतण्याचा पिंपरीहून फोन आला. "जयभीम काका. आज मोकळे आहात का? जरा कागद बघायचेत."

आमच्या नात्यागोत्यात कागद म्हटले की मला बोलावणे येते. शाळेचा दाखला असो, पतपेढीचा अर्ज असो की भाडेकरार असो. मी विचारले, "कसले कागद?"

"गाडीचे. स्पोर्ट्स कार बघितलीय. सेकंडहँड."

मी थोडा वेळ काहीच बोललो नाही. पोरगा अठ्ठावीस वर्षांचा, चाकणला सीएनसी मशीन चालवतो. घर दोन खोल्यांचे. धाकटी बहीण नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. 'आपल्याला शोभतं का हे?' असे शब्द अगदी ओठांवर आले होते, ते मी गिळले. कारण त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, सव्वीस वर्षे दुसऱ्याची गाडी चालवून घरी बसले आहेत. रोज पहाटे गाडी पुसायची, मालकासाठी मागचे दार उघडायचे, रात्री चावी देऊन बसने घरी यायचे. त्या घरातल्या पोराला स्वतःची गाडी असावी, आणि तीही चांगली पळणारी असावी, असे वाटले तर त्यात चूक काय? त्याच्या हौसेला नाही म्हणणे हे माझे काम नव्हे. हिशेब विचारणे हे मात्र माझे काम आहे.

वाचकहो, हल्ली आपल्या वस्तीतल्या अनेक तरुणांच्या मनात अशी गाडी आहे. म्हणून त्या दोन महिन्यांत आम्ही काय शिकलो ते सांगतो.

आधी स्पोर्ट्स कार म्हणजे काय ते पाहू. जमिनीला टेकलेली, हलकी, दोन माणसांची, वळणावर न डगमगणारी गाडी म्हणजे स्पोर्ट्स कार. जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली एमएक्स-५ नावाची अशी छोटी, उघड्या छपराची गाडी आणली. इंजिन साधे १.६ लिटरचे. २०१६ पर्यंत तशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. ती आपल्याकडे विकायला आली नाही. आपल्या शेजारी गोव्यात नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची गाडी तयार होऊ लागली, पण ती फारशी चालली नाही. त्यामुळे आपली पोरे जिला स्पोर्ट्स कार म्हणतात, ती बहुतेक वेळा नेहमीच्या गाडीचीच जोरकस बहीण असते. टर्बो इंजिन, रुंद टायर, कडक सस्पेन्शन. नवी असताना पंधरा-वीस लाखांची. दहा-बारा वर्षांनी, रनिंग दीड लाखाच्या घरात गेले की तीच तीन-चार लाखांत मिळते. पोरांना भुरळ पडते ती इथेच.

पुतण्याने पसंत केलेल्या गाडीची किंमत होती सव्वाचार लाख. मीटरवर बासष्ट हजार किलोमीटर. त्याची चार वर्षांची बचत होती चार लाख चाळीस हजार. म्हणजे गाडी घेतल्यावर हातात उरणार पंधरा हजार. तो खुशीत होता. "काका, कर्ज नाही, काही नाही. रोख."

वहिनी चहा ठेवता ठेवता एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, पोरीच्या फीची एफडी आहे ऐंशी हजारांची. तिला हात लागणार नाही ना, तेवढं बघा."

आम्ही तिघे गाडी बघायला गेलो. मला इंजिनातले काही कळत नाही. मी आरसी बुक उघडले. दादांनी बॉनेटला हात लावला आणि विचारले, "आम्ही येण्याआधी चालू केली होती का?" विकणारा म्हणाला, "हो, गरम करून ठेवली." दादा तिथेच नाराज झाले. त्यांचे म्हणणे असे की, रात्रभर उभी असलेली थंड गाडी पहिल्यांदा चालू होते तेव्हाच ती खरे बोलते. साखळीचा खडखडाट, निळा धूर, सुरुवातीचे गचके हे सगळे पहिल्या दोन मिनिटांत ऐकू येते, दिसते. गरम केलेली गाडी सगळे झाकते.

मग त्यांनी आत वाकून पायाकडे बघितले. क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झालेले. स्टिअरिंगचे चामडे चकाकलेले. ड्रायव्हरच्या सीटची कड बसलेली. दादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बासष्ट हजारात पेडल एवढं झिजत नाही. मीटर मागं फिरवलंय." मी सर्व्हिसची बिले मागितली. ती नव्हती. आम्ही नमस्कार करून निघालो. पुतण्या घरी येईपर्यंत बोलला नाही.

तीन आठवड्यांनी दुसरी गाडी आली. त्याच जातीची, २०१२ सालची. मीटरवर एक लाख अठ्ठेचाळीस हजार. किंमत दोन लाख नव्वद हजार. पुतण्याचे तोंड उतरले. "दीड लाख पळालेली गाडी कोण घेतो काका?"

इथे मी माझा बी.कॉम.चा हिशेब मांडला. किलोमीटर मीटर मोजतो, पण इंजिन तास मोजते. हमरस्त्यावर सरासरी ताशी साठच्या वेगाने दीड लाख किलोमीटर काटायला अडीच हजार तास लागतात. शहरातल्या गर्दीत सरासरी ताशी पंधराचा वेग धरला तर त्याच दीड लाखाला दहा हजार तास. मीटरवरचा आकडा तोच, पण इंजिनाचे आयुष्य चौपट खर्ची पडलेले. शिवाय गर्दीत क्लच दाबून दाबून जातो तो वेगळाच. या गाडीचा मालक आठवड्याला पुणे-कोल्हापूर करणारा होता आणि त्याच्याकडे फाइल होती. प्रत्येक सर्व्हिसचे बिल, तारीख, किलोमीटर. मीटर खरा आहे की खोटा हे त्या बिलांवरून ताडता येते, कारण आकडा दर बिलात पुढेच जायला हवा. मला त्या फाइलमध्ये जमाखर्चाची वही दिसली. बासष्ट हजारांच्या बिनवहीच्या दुकानापेक्षा दीड लाखाचे वहीसकट दुकान बरे.

दादांनी थंड गाडी चालू करून ऐकली. आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने मशीन लावून फॉल्ट तपासले, मॅटखाली हात घातला आणि सीटच्या पट्ट्यांवरचा गंज पाहिला. सांगली-कोल्हापूरला २०१९ साली आणि चिपळूणला २०२१ साली पूर आला तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. पुरातली गाडी रंगवता येते, पण मॅटखालचा गाळ आणि वायरिंगचे सडणे सहज लपत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात तेही त्याने दाखवले. २३१७ लिहिले असेल तर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारे झालेले असते.

त्याने आणखी एक विचारले, टायमिंग बेल्ट कधी बदलला? हा इंजिनाच्या आतला रबरी पट्टा. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ तोच जुळवतो. ठरलेली वर्षे किंवा ठरलेले किलोमीटर, जे आधी होईल तेव्हा तो बदलायचा असतो. अशा बहुतेक इंजिनांत तो चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते. फाइलमध्ये त्याचे शेवटचे बिल सहा वर्षांपूर्वीचे होते. मेकॅनिक म्हणाला, "घेतल्यावर पहिलं काम हे. आधी हे, मग फिरायला जा."

आता कागद. एजंट म्हणाला, "टी.टी.ओ.च्या फॉर्मवर सही घेऊन ठेवलीय, नावावर नंतर करू." मी म्हटले, नाही. नमुना २९ आणि ३० आत्ताच भरायचे. आधीच्या मालकाचे बँकेचे कर्ज फिटल्याचा नमुना ३५ आणि बँकेचे पत्र पाहिजे. आरसीवरचा चासी नंबर गाडीवर प्रत्यक्ष वाचायचा. ई-चलन थकले आहे का ते पाहायचे. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे, असे मोटार वाहन कायदा सांगतो. ही नुसती औपचारिकता नाही. हातोहात विकत गेलेल्या एका गाडीच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात, आरसीवर ज्याचे नाव तोच मालक मानून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली. म्हणून आपली जुनी स्कूटर विकतानाही सही करून मोकळे होऊ नका, नाव बदलल्याचा पुरावा घ्या. विम्याचेही तसेच. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर आपोआप जातो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा तसा जात नाही. त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते.

गाडी डिसेंबरात घरी आली. आता सांगतो तो मुख्य मुद्दा. जुन्या वेगवान गाडीला दोन किमती असतात. पहिली विकणाऱ्याला द्यायची. दुसरी आधीच्या मालकाने जे करायचे टाळले, त्यासाठी पहिल्या वर्षात मोजायची. पुतण्याच्या वहीतला पहिल्या वर्षाचा खर्च असा : चार टायर ३४,०००. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप २६,०००. सस्पेन्शन ३८,०००. ब्रेकच्या डिस्क आणि पॅड १४,०००. विमा १५,०००. नाव बदलणे आणि किरकोळ ६,५००. आणि एक १३,००० रुपये, त्याची हकीगत पुढे. एकूण १,४६,५००. म्हणजे किमतीच्या निम्मे. नवी असताना वीस लाखांची असलेली गाडी तीन लाखांत मिळते, पण तिचे सुटे भाग वीस लाखांच्या गाडीचेच राहतात. भाव गाडीचा उतरतो, भागांचा उतरत नाही.

ते तेरा हजार असे. २०२४ च्या मे महिन्यात घरातले सगळे साताऱ्याला निघाले होते. खंबाटकी घाटात तापमानाचा काटा चढू लागला. पुतण्या म्हणाला, "वरपर्यंत जाऊ, मग थांबू." शेजारी बसलेले दादा ओरडले, "आत्ता बाजूला घे. बंद कर." बॉनेटखाली वाफ. पाण्याच्या नळीचा प्लास्टिकचा सांधा तडकला होता. नीट निगा राखलेल्या गाडीतही असे होते, कारण प्लास्टिक आणि रबर किलोमीटरने नव्हे, उन्हाने आणि वर्षांनी म्हातारे होतात. गाडी टो करून आणावी लागली. मेकॅनिक म्हणाला, आणखी दोन किलोमीटर रेटली असती तर सिलिंडर हेड वाकले असते आणि खर्च लाखात गेला असता. सव्वीस वर्षांच्या नोकरीतले शहाणपण त्या दिवशी दादांच्या स्वतःच्या घराच्या कामी आले.

आता उलटा हिशेब करून पाहा. पहिली गाडी घेतली असती तर हातात पंधरा हजार उरले असते. टायर राहिले असते, बेल्ट राहिला असता, आणि घाटात जे झाले ते झाले असते तर त्या पोरीची एफडी मोडावी लागली असती. जून २०२४ मध्ये तिची तिसऱ्या वर्षाची फी वेळेवर भरली गेली. आज ती नोकरीला आहे.

रोजचा खर्चही लपवत नाही. शहरात लिटरला दहा किलोमीटर. महिन्याला सहाशे किलोमीटर फिरले तरी पेट्रोलचे सहा हजारांच्या पुढे जातात. म्हणून तो कामावर कंपनीच्या बसनेच जातो, गाडी रविवारी काढतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर रुंद टायरची रिम वाकते, म्हणून मोठ्या खड्ड्याला मान वाकवून वळसा घालतो. पंधरा वर्षे झाली की आरसीचे नूतनीकरण, तपासणी आणि हरित कर येईल, त्यासाठी तो आतापासून महिन्याला हजार रुपये बाजूला टाकतो. गाडी वेगवान आहे, पण तिने त्याला सावकाश हिशेब करायला शिकवले.

तेव्हा तरुण मित्रांनो, हौस असेल तर जरूर घ्या. कोणी 'शोभतं का' म्हणाले तर मनाला लावून घेऊ नका. पण थंड गाडी ऐका, बिलांची फाइल मागा, आरसीवर नाव आधी चढवा, आणि किमतीच्या निम्मी रक्कम वेगळ्या पासबुकात असेल तरच चावीला हात लावा. ती नसेल तर वर्षभर थांबा. अशी गाडी पुढच्या वर्षीही मिळेल, आणि बहुधा थोडी स्वस्त मिळेल.

परवा मी पिंपरीला गेलो तेव्हा दादा गाडी पुसत होते. पुतण्या म्हणाला, "आबा, राहू द्या, मी पुसतो." दादा म्हणाले, "पुसू दे रे. आपली आहे." मग चावी घेऊन स्वतःच स्टिअरिंगवर बसले आणि वहिनींना शेजारी बसवून चौकापर्यंत चक्कर मारून आले.