रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग का दुखतं?

रात्रभर झोपूनही सकाळी अंग ठणकतं? थकवा जात नाही? रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, सगळं नॉर्मल? आणि घरातलं कुणीतरी सहज म्हणतं, ‘तुला काही झालेलं नाही, कामात मन रमव.’ दुखण्यापेक्षा हे वाक्यच जास्त बोचतं. असा त्रास तीन महिन्यांहून जास्त काळ होत असेल, तर तो फायब्रोमायल्जिया असू शकतो.

या आजारात सांधे झिजलेले नसतात. वेदनेची जाणीव करून देणारी मज्जासंस्था जास्त संवेदनशील झालेली असते, जणू कुणी रेडिओचा आवाज वाढवून ठेवलाय. म्हणून एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, पण वेदना खरी असते. सोबत विसरभोळेपणा, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारीही असू शकतात. महिलांमध्ये हा आजार अधिक आढळतो, पण पुरुषांनाही होतो.

निदान कसं होतं?

पूर्वी शरीरावरच्या 18 ठरावीक जागा दाबून किमान 11 ठिकाणी दुखतं का, ते पाहत. 2010 मध्ये आलेल्या नव्या निकषांत दुखण्याच्या जागा, थकवा, झोप यांची विचारपूस महत्त्वाची ठरली. थायरॉइडचा विकार किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता यामुळेही अंग दुखतं, म्हणून तपासण्या कराव्या लागतात. शक्यतो संधिवाततज्ज्ञांना दाखवा.

रोजचं जगणं

• सर्वात जास्त उपयोग व्यायामाचा होतो. सुरुवातीला 5-10 मिनिटं चाला, मग हळूहळू वेळ वाढवा.

• बरं वाटलं की एकाच दिवशी माळा आवरायचा, डबे घासायचे आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, असं करू नका. काम थोडं थोडं वाटून घ्या.

• झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली ठेवा.

• मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. नेहमीच्या गोळ्यांचा यात फारसा उपयोग होत नाही. डॉक्टरांनी नैराश्यावरचं औषध दिलं तर दचकू नका, काही औषधं वेदनेचे संदेशही सौम्य करतात.

हा आजार पूर्ण जाईलच असं नाही, पण आटोक्यात ठेवता येतो. त्यासाठी घरच्यांची साथ हवी. तुमच्या घरात कुणाला हा त्रास असेल, तर आज ‘काही झालेलं नाही’ म्हणण्याऐवजी एवढंच विचारा, ‘आज कोणतं काम मी करू?’