इंटरनेटची जोडणी आणि घरचा हिशेब



लूकच्या शुभवर्तमानातील १४ व्या अध्यायात बुरूज बांधू पाहणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आहे. बांधकामास हात घालण्यापूर्वी खाली बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूने त्यात शिकविले. मिस्सात तो मी अनेकदा ऐकला. परंतु घरातील इंटरनेटलाही तो लागू पडतो, हे मला गेल्या पावसाळ्यात उमगले.

आमची जोडणी महिन्यास १५० जीबीची होती. तेवढा वापर झाला की वेग ३० एमबीपीएसवरून १ एमबीपीएसवर येई. ही अट कागदावर बारीक अक्षरांत छापलेली होती, पण मी ती वाचलीच नव्हती. जुलैच्या १४ तारखेस माझ्या धाकट्या मुलीची परदेशातील एका रुग्णालयात परिचारिकेच्या जागेसाठी व्हिडिओवर मुलाखत होती. तिसऱ्याच प्रश्नाला चित्र थांबले, आवाज तुटला. ती जागा गेली ती गेलीच.

मी कंपनीच्या नावाने पुष्कळ संतापलो. रात्री रोजरीनंतर मुलीने त्या महिन्याचा वापर उघडून मजपुढे ठेवला. रोज चार-चार तास टीव्हीवर सामने व मालिका पाहणारा मीच होतो. ती एक शब्दही बोलली नाही.

हिशेब अगदी साधा आहे. स्वच्छ, उच्च दर्जाचे चित्र तासाला सुमारे ३ जीबी खाते. चार तासांचे १२ जीबी; म्हणजे १५० जीबी तेराव्या दिवशी संपणारच. तेच चित्र साध्या दर्जाचे ठेवले, तर तासाला सुमारे १ जीबी लागतो व महिना १२० जीबीत निभावतो. मर्यादा म्हणजे टाकीतील पाणी आणि वेग म्हणजे नळाची धार. ३० एमबीपीएसने एक जीबी साडेचार मिनिटांत उतरतो. १ एमबीपीएसने त्यालाच सव्वादोन तास लागतात.

म्हणून नवी जोडणी घेताना काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. 'अमर्याद' या शब्दावर विसंबू नये. तारेच्या कित्येक अमर्याद योजनांतही महिन्यास ३३०० जीबीची सीमा असते, आणि हवेतून येणाऱ्या जोडणीस ती पुष्कळदा १००० जीबी असते. सामान्य घरास एवढे पुरून उरते, पण लहान योजनेत सीमा संपल्यावर वेग किती राहतो, हे जरूर विचारावे. जाहिरातीतील ४९९ रुपयांवर १८ टक्के जीएसटी चढून ५८९ रुपये होतात. राउटरची अनामत परत मिळते काय, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरावे लागतात काय, हेही पाहावे. व्हिडिओवर बोलणे असेल, तर माहिती वर पाठविण्याचा वेगही तितकाच महत्त्वाचा असतो.

खेड्यात आणखी एक प्रश्न मोठा आहे: पावसात झाड पडून तार तुटली, तर जोडावयास कोण येतो व किती दिवसांनी? याचे उत्तर दुकानात मिळत नाही. ते शेजाऱ्यांस विचारावे. तक्रार केल्यास तिचा क्रमांक लिहून ठेवावा; दाद न मिळाल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते.

७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद पावलेला कार्लो अकुतीस संगणकात निष्णात होता. तरी व्हिडिओ खेळांसाठी त्याने आठवड्यास एकच तास ठरविला होता, असे सांगतात. त्या कोवळ्या मुलास जे जमले, ते मज साठी उलटलेल्या बापास जमले नाही.

मुलीची दुसरी मुलाखत पुढील महिन्यात आहे. तोवर आमचा टीव्ही संध्याकाळी एक तासच चालेल, असे मी घरात सर्वांसमक्ष सांगितले आहे. तिच्यासाठी आपणही एक 'नमो मरिया' म्हणावी, ही विनंती.